टॉन्सिल, तारेचा फास आणि डॉ. फिजिक

गिळताना कानापर्यंत जाणारी कळ, अंगात ताप, जबड्याखाली आलेले अवधाण आणि तोंडाला येणारा वास. वर्षातून पाच-सहा वेळा हे भोगणारा माणूस शेवटी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतो. टॉन्सिल काढून टाकावेत का? आणि काढायचे तर कोणत्या पद्धतीने? बीड जिल्ह्यात यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचे असेल, तर ऑपरेशननंतर किती दिवसांनी कोयता हाती धरता येईल?

आज याचे उत्तर देताना साधी कात्री, विजेचे उपकरण, कोब्लेशन, लेसर अशी नावे पुढे येतात. प्रत्येक पद्धतीत रुग्णाला काय सोसावे लागते, हे पाहूनच तिची निवड करायची असते. ही कसोटी आपल्याच पद्धतींना लावून, त्या वारंवार बदलणारे एक शल्यचिकित्सक दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. फिलिप सिंग फिजिक. अमेरिकेतील शल्यचिकित्सेचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते. त्या काळच्या इंग्रजीत या आडनावाचा अर्थच मुळी औषध असा होता.

चांदीकामाचा वारसा

फिजिक यांचा जन्म ७ जुलै १७६८ रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. वडील एडमंड हे पेनसिल्व्हेनियाच्या पेन घराण्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणारे अधिकारी होते. आईचे वडील फिलिप सिंग हे नावाजलेले चांदीचे कारागीर. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि पुढे राज्यघटनेवर सह्या झाल्या, तेव्हा टेबलावर असलेली चांदीची दौत याच सिंग यांच्या हातची. नातवाला आजोबांचे नाव मिळाले. पुढे आयुष्यभर नळ्या, तारा, कड्या आणि पाती यांच्याशी खेळत नवी हत्यारे घडवून घेणाऱ्या या नातवाकडे पाहिले, तर आजोबांच्या कारागिरीची आठवण होते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १७८५ मध्ये पदवी घेतल्यावर फिलिप यांनी डॉ. ॲडम कुन यांच्या हाताखाली वैद्यकाचे धडे घेतले. नंतर वडिलांनी त्यांना लंडनला नेले आणि १७८९ मध्ये जॉन हंटर यांच्याकडे सोपवले. हंटर हे त्या काळातील सर्वांत मोठे शल्यचिकित्सक आणि शरीररचनेचे अभ्यासक. मुलाला कोणती पुस्तके घेऊन द्यावी लागतील, असे वडिलांनी विचारले. तेव्हा हंटर यांनी त्यांना शवविच्छेदनाच्या खोलीत नेले आणि तिथली प्रेते दाखवून, तुमच्या मुलाला हीच पुस्तके वाचायची आहेत असे सांगितले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

फिजिक यांनी ही पुस्तके मन लावून वाचली. १७९० मध्ये त्यांना लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात निवासी शल्यचिकित्सकाची जागा मिळाली. हंटर यांनी त्यांना आपल्याजवळच राहण्याचा आग्रह केला होता. परंतु एडिंबरो येथून १७९२ मध्ये एम.डी. होऊन ते त्याच वर्षी फिलाडेल्फियाला परतले.

पीतज्वर आणि पाच लिटर रक्त

परतल्यावर वर्षभरातच शहरावर पीतज्वराची भयंकर साथ कोसळली. १७९३ च्या उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत सुमारे पाच हजार माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. फिजिक थांबले. बुश हिल येथे उभारलेल्या साथरुग्णालयात त्यांनी काम केले आणि या रोगात शरीरात नेमके काय बिघडते हे पाहण्यासाठी शवविच्छेदनेही केली. डास हा रोग पसरवतात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. स्वतः फिजिक यांनाही लागण झाली, पण ते बचावले.

१७९७ च्या साथीत ते पुन्हा गंभीर आजारी पडले. या वेळी त्यांच्यावर जो उपचार झाला त्याची नोंद आज वाचताना अंगावर काटा येतो. दहा दिवसांत बावीस वेळा त्यांच्या शिरेतून रक्त काढण्यात आले. काढलेले एकूण रक्त १७६ औंस, म्हणजे सुमारे पाच लिटर होते. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी साधारण तेवढेच रक्त असते. ताप, सूज, खोकला, घसा दुखणे, काहीही असले तरी रक्त काढायचे, हा त्या काळचा सर्वमान्य उपचार होता आणि फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध डॉक्टर बेंजामिन रश त्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. फिजिक वाचले, आणि रक्तमोक्षणावरचा त्यांचा स्वतःचा विश्वासही शेवटपर्यंत टिकला.

१७९४ पासून ते पेनसिल्व्हेनिया रुग्णालयात शल्यचिकित्सक होते. १८०५ मध्ये विद्यापीठाने शल्यचिकित्सेचे स्वतंत्र प्राध्यापकपद निर्माण केले आणि त्यावर त्यांची नेमणूक केली. स्वभावाने ते अबोल आणि काटेकोर. व्याख्याने आधी लिहून काढून मगच वर्गात देत. शस्त्रक्रियेची तयारी स्वतः करत. स्वतः त्यांनी फार थोडे लिहिले. त्यांच्या बऱ्याच पद्धती बाहेर कळल्या त्या त्यांचे भाचे डॉ. जॉन सिंग डॉर्सी यांच्या १८१३ मधील पुस्तकामुळे.

त्यांच्या कल्पकतेची दोन उदाहरणे आजही रोजच्या वापरातली आहेत. १८१२ मध्ये अफूच्या अर्काचा डोस जास्त झालेल्या जुळ्या बाळांच्या पोटात त्यांनी लवचिक नळी घातली आणि पिचकारीने पोट धुऊन काढले. कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला आपल्याकडच्या रुग्णालयात नळी घातलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा उपचार ओळखीचा वाटेल. ही कल्पना आपल्याआधी एडिंबरोच्या अलेक्झांडर मनरो यांनी मांडली होती, हे समजल्यावर फिजिक यांनी त्याचे श्रेय जाहीरपणे मनरो यांना दिले. दुसरे उदाहरण टाक्यांचे. रक्तवाहिनी बांधण्यासाठी वापरलेला रेशमी दोरा त्या काळी जखमेबाहेर लोंबता ठेवावा लागे आणि तो कुजून सुटेपर्यंत जखम भरत नसे. फिजिक यांनी कातड्याच्या, शरीरात विरून जाणाऱ्या दोऱ्या वापरून पाहिल्या.

टॉन्सिलची पंचाईत

भूल देणाऱ्या ईथरचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये झाले. त्याआधी नऊ वर्षे फिजिक यांचे निधन झाले होते. म्हणजे त्यांची प्रत्येक शस्त्रक्रिया पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसावर झाली. घशाच्या बाबतीत याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. रुग्ण खुर्चीत बसलेला, तोंड उघडे, घशात काही लागताच उमासे येणार. विजेचा दिवा नाही, खिडकीतून येईल तेवढाच प्रकाश. टॉन्सिलला अनेक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात, आणि प्रौढ माणसात मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या बाजूला साधारण अडीच सेंटिमीटरवरच असते. रक्त वाहू लागले तर घशाच्या तळाशी गाठ कशी मारणार? शिवाय ते रक्त श्वासनलिकेत जाण्याची भीती.

ही भीती जुनीच. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात कठीण झालेले टॉन्सिल बोटाने सोडवून काढण्याची रीत लिहिली. तसे निघाले नाहीत तर आकड्याने धरून चाकूने कापावे, असे त्याने सांगितले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वाढलेल्या पडजिभेच्या छेदनाचा विधी आहे आणि घशातल्या तुंडिकेरी नावाच्या रोगासाठीही त्याच धर्तीवर उपचार सांगितला आहे. जास्त कापले तर रक्तस्रावाने मृत्यू येईल आणि कमी कापले तर सूज राहील, असा इशाराही तिथे आहे.

फिजिक यांनी आधी निवडला तो रक्त न सांडण्याचा मार्ग. दोन बारीक नळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यातून ओवलेली तार आणि तारेचा पुढे आलेला फास. हा फास टॉन्सिलच्या बुडाशी अडकवून आवळायचा. रक्तपुरवठा तुटला की गाठ मरते आणि काही दिवसांनी गळून पडते. चाकूची गरज नाही, रक्ताचा लोट नाही. पण त्याची किंमत रुग्ण मोजत होता. तोंडात नळी तशीच, घसा सुजलेला, पाणी गिळणे कठीण, मरत चाललेल्या मांसाची दुर्गंधी. गाठ गळेपर्यंत तार ठेवायची गरज नाही, सुमारे एक दिवस पुरतो, असे फिजिक यांच्या लक्षात आले आणि त्यांनी तेवढ्यावरच तार काढायला सुरुवात केली. त्रास कमी झाला, संपला नाही.

मग त्यांनी दुसरा विचार केला. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक बेंजामिन बेल यांनी पडजीभ कापण्यासाठी एक हत्यार बनवले होते. फिजिक यांनी ते सुधारून घेतले. एक कडे, कड्याच्या खाचेत लपलेले पाते आणि लांब दांडा. घशात पुढे आलेला भाग कड्यात घ्यायचा आणि पाते पुढे सरकवायचे. क्षणात काम संपते. १८२८ मध्ये त्यांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या लेखातला रुग्ण आपल्या गावांतही भेटेल असा आहे. लांबलेल्या पडजिभेमुळे त्याला हटवादी खोकला जडला होता. पडजिभेचे टोक कापल्यावर खोकला थांबला. हेच हत्यार कठीण झालेल्या टॉन्सिलसाठीही वापरता येते, असे त्यांनी त्यात मांडले. पडजीभ वाढली म्हणून खोकला येतो ही समजूत आपल्याकडे अजून आहे. मात्र दीर्घ खोकल्याची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आधी थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी हवी.

या हत्याराला पुढे टॉन्सिल-गिलोटिन हे नाव पडले. १८३२ मध्ये विल्यम फानस्टॉक यांनी आणि नंतर लंडनच्या मोरेल मॅकेन्झी यांनी त्याची आणखी रूपे आणली. भूल नसलेल्या काळात त्याचा फायदा उघड होता. यातना काही क्षणांच्या, आणि पाते खोल जात नसल्याने मोठ्या रक्तवाहिन्यांचा धोका कमी. तोटाही त्यातच होता. फक्त पुढे आलेला भाग कापला जाई आणि मागे राहिलेला टॉन्सिल पुन्हा सुजू शके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, भूल आणि चांगला प्रकाश मिळाल्यावर, टॉन्सिल त्याच्या वेष्टनासह सोडवून पूर्ण काढण्याची पद्धत रुजली. लंडनचे जॉर्ज वॉ यांनी १९०९ मध्ये मांडलेली पद्धत त्यात महत्त्वाची ठरली.

एक कसोटी, जी लावली नाही

१८३१ मध्ये फिजिक यांच्याकडे अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल आले. वय ७६, मूत्राशयात खडे. फिजिक स्वतः ६३ वर्षांचे आणि प्रकृतीने खचलेले. भूल न देता केलेल्या या शस्त्रक्रियेत जवळजवळ एक हजार बारीक खडे निघाले. मार्शल बरे होऊन पुन्हा न्यायासनावर बसले. त्याच वर्षी फिजिक विद्यापीठातून निवृत्त झाले.

एवढा सावध माणूस रक्तमोक्षणाच्या बाबतीत मात्र डोळे मिटून राहिला. टॉन्सिलची तार किती तास ठेवावी याचा विचार करणाऱ्या फिजिक यांनी, रक्त काढलेले आणि न काढलेले रुग्ण शेजारी ठेवून पाहिले नाहीत. त्यांच्याच देशाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या तीव्र सुजेने गेले. आजारपणाच्या त्या एका दिवसात त्यांच्या डॉक्टरांनी त्यांचे दोन लिटरहून अधिक रक्त काढले होते. पॅरिसमध्ये पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांची मोजदाद करून १८३५ मध्ये पुस्तक लिहिले आणि रक्त काढण्याचा फायदा समजला जातो त्यापेक्षा फारच थोडा आहे, हे दाखवले. फिजिक तेव्हा आयुष्याच्या अखेरीस आले होते.

१५ डिसेंबर १८३७ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या इच्छा विलक्षण होत्या. मृत्यूची खात्री पटेपर्यंत देह उबदार ठेवावा, शवविच्छेदन करू नये आणि दफनानंतर कबरीवर पहारा ठेवावा. विच्छेदनासाठी प्रेते चोरली जाण्याच्या काळात ज्याने आयुष्यभर प्रेतांतून शिक्षण घेतले आणि दिले, त्याला ही भीती वाटावी हे समजण्यासारखे आहे.

आजच्या पद्धती

फिजिक यांची दोन्ही हत्यारे आज वेगवेगळ्या रूपांत दिसतात. सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या साध्या पद्धतीत टॉन्सिल वेष्टनासह सोडवत खाली आणतात आणि शेवटचा देठ तारेच्या फासाने आवळून तोडतात. फरक एवढाच की रुग्ण पूर्ण भुलीखाली असतो आणि फास क्षणभरच आवळला जातो. आणि टॉन्सिलचा काही भाग मुद्दाम मागे ठेवण्याची पद्धतही, विशेषतः घोरणाऱ्या मुलांसाठी, नव्या उपकरणांसह परत आली आहे.

प्रौढांच्या बाबतीत पद्धतींची तुलना थोडक्यात अशी. साध्या, म्हणजे थंड पद्धतीत शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त थोडे जास्त जाते, वेळ जास्त लागतो, पण खर्च कमी आणि नंतरच्या वेदना तुलनेने कमी. विजेच्या उष्णतेने केलेल्या शस्त्रक्रियेत टेबलावर रक्त कमी जाते, काम लवकर होते, पण आजूबाजूचा भाग भाजत असल्याने नंतर दुखते जास्त. २००३-०४ मध्ये इंग्लंड व उत्तर आयर्लंडमधील सुमारे ३४ हजार शस्त्रक्रियांच्या पाहणीत नंतरचा रक्तस्राव थंड पद्धतीपेक्षा उष्ण पद्धतींत अधिक आढळला, आणि मुलांपेक्षा प्रौढांत अधिक. कोब्लेशनमध्ये मिठाच्या पाण्यातून कमी तापमानावर काम होते. पहिल्या काही दिवसांत दुखणे थोडे कमी असू शकते, पण त्याची कांडी महाग असते आणि फायद्याचा पुरावा अजून भक्कम नाही. कोणतीही पद्धत सर्वांत चांगली असे नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा ज्या पद्धतीवर हात बसला आहे, तिलाही महत्त्व आहे.

मुळात काढायचे का? जंतुसंसर्गाने घसा वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा धरला, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. ब्रिटनमध्ये ४५३ प्रौढांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांत घसा दुखण्याचे दिवस शस्त्रक्रिया केलेल्यांत साधारण २३, तर न केलेल्यांत ३० होते. ऑपरेशननंतरचे दुखरे दिवसही या २३ मध्ये धरलेले आहेत. फायदा आहे, पण तो वरचेवर आजारी पडणाऱ्यांना. एक-दोनदा घसा दुखला म्हणून गाठी काढणे योग्य नाही.

आता कोयत्याचा प्रश्न. प्रौढांचा घसा साधारण दोन आठवडे दुखतो. जखमेवर पांढरा थर येतो, तो पू नसतो. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास हा थर सुटताना रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून किमान दोन आठवडे मोळी उचलणे, उन्हात राबणे, लांबचा प्रवास टाळावा. टोळीसोबत निघण्याच्या आदल्या आठवड्यात ऑपरेशन करून घेऊ नये. पट्टा पडून गावी परतल्यावरचा काळ चांगला. पाणी भरपूर प्यावे, दुखले तरी जेवत राहावे, डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन घेऊ नये. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले, थोडेसे का असेना, तर घरी वाट न पाहता लगेच बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

आणि शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे: ही पद्धत माझ्यासाठी का, तिच्यात मला काय सोसावे लागेल, आणि काही न करता थांबलो तर काय होईल? फिजिक यांनी टॉन्सिलच्या बाबतीत हे प्रश्न विचारले आणि दोनदा आपली रीत बदलली. रक्त काढण्याच्या बाबतीत ते विचारायचे राहून गेले.